उद्या जेवायला येते

१४ नोव्हेंबर

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात, म्हणून लिहिते. हवे असतील तर घे. फोन तू उचलत नाहीस. एकवीस वेळा लावला. बाविसाव्या वेळी तुझ्या सासऱ्यांनी उचलला आणि "जावई घरात नाहीत" म्हणाले. मागे कोणीतरी खोकत होतं. तुझा खोकला मी तू दोन वर्षांचा असल्यापासून ऐकतेय, तो मला कोणी ओळखायला शिकवू नये. पण म्हाताऱ्या माणसाला खोटं कशाला पाडायचं, म्हणून "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

काल चौकशी समितीपुढे तुझ्या वकिलाने जे तारे तोडले, ते आमच्या टायपिस्टबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितले. नगरपालिकेची रसायन सुरक्षा तपासनीस, म्हणजे आरोपीची सख्खी बहीण, दर वर्षी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करून कारखान्याला खबर द्यायची म्हणे. सोबत फोन कंपनीचा कागद. सात वर्षं, सात फोन, सातही आदल्या दिवशीचे. सांगताना टायपिस्टबाईंचा जीव किती हळहळत होता म्हणून सांगू! डोळे मात्र चमकत होते.

शाबास. आई गेली तेव्हा तू सहावीत होतास. तुझ्या वह्यांना कव्हरं मी घातली, तुझ्या मास्तरांच्या तक्रारी मी ऐकल्या, तुझं लग्न मी जमवलं. त्याचं हे फळ.

मी तुला आठवड्यातून दोनदा फोन करायचे. बाकीचे सातशे फोन त्या कागदावर का नाहीत? तुझ्या वकिलाला नेमके सातच दिसले? आणि त्या सातांत मी काय बोलायचे ते तुला पाठ आहे. "उद्या तुमच्या बाजूला काम आहे. दुपारी जेवायला येते, तिला सांग." एवढंच. तुमचं क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागून. बायकोच्या हाताला चव आहे असं तूच चारचौघांत मिरवायचास. बहिणीने भावाकडे चार घास खायला जाणं हा गुन्हा कधीपासून झाला?

वायू सुटून तीन माणसं गेली. तुझी बायको अजून धड श्वास घेत नाही. कंपनी सगळं तुझ्या माथी मारून मोकळी झाली आणि तू जामिनावर सासऱ्यांच्या घरी तोंड लपवून बसलायस. तुझ्यावर काय वेळ आलीय ते मला कळतं. पण बुडणाऱ्याने काठावरच्या माणसाचे पाय ओढायचे नसतात.

वकिलाला ते म्हणणं मागे घ्यायला सांग.

ताई

२ डिसेंबर

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. लहानपणीही रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि भूक लागली की आपोआप बाहेर यायचास.

तुझ्या वकिलाला कारखान्यातलं ओ की ठो कळत नाही असं दिसतं. म्हणून झालं ते मी सरळ लिहून काढते. त्याला दाखव.

नियम असा आहे. कारखान्याच्या आवारात दहा टनांपर्यंत क्लोरीन असेल तर वर्षातून एकदा नगरपालिकेची तपासणी, एक पानी अहवाल, विषय संपला. दहाच्या वर गेलं की कारखान्याला भोंगा बसवावा लागतो, आजूबाजूच्या वस्तीला गोळा करून शिकवावं लागतं, गळती झाली तर कोणी कुठे जायचं त्याचा आराखडा पालिकेला द्यावा लागतो. तुमच्या गोदामात एक टनाची चौदा सिलिंडर असायची. मी तपासायला यायचे त्या दिवशी आठ असायची. उरलेली सहा ट्रकवर चढवून भिंतीमागच्या गल्लीत नेऊन उभी करायचे, आणि मी गेले की परत आत. चढवायचं कोण? गोदामाचा फोरमन कोण? तूच ना?

हे मला नंतर समितीच्या कागदांवरून कळलं. मी आवारातलं मोजलं. अहवालावर छापलेलंच आहे, "आवारात असलेला साठा". गल्ली आवारात येत नाही. गल्ली रस्ते विभागाकडे आहे, माझ्याकडे नाही.

अकरा ऑक्टोबरला सकाळी साडेअकराला मी तुमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये होते. समोर चहा, बशीत दोन बिस्किटं. "आठ" लिहून झालं होतं, खाली सही करत होते. तेवढ्यात आपल्याच पालिकेची कचऱ्याची गाडी गल्लीत मागे घेताना त्या ट्रकवर आपटली. एक सिलिंडर गडगडत खाली आलं आणि त्याचा व्हॉल्व्ह तुटला. वारा आमच्याकडून गल्लीकडे होता. केबिनमध्ये वासही आला नाही. बाहेर आरडाओरडा झाला तेव्हा मॅनेजर म्हणाला, कचरागाडीवाल्याचं रोजचंच भांडण असेल. मी दुसरं बिस्किट खाल्लं.

क्लोरीन हवेपेक्षा जड. सुटला की जमिनीलगत पसरतो, सखल जागा धरतो. त्यामुळे करायची गोष्ट एकच असते, वर जायचं. वरचा मजला, गच्ची. दोन शब्दांत सांगता येतं. पण त्या गल्लीला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण आठ टनांना सांगावं लागत नाही. ओरडा ऐकून माणसं जे करतात तेच त्यांनी केलं, धावत खाली आली. इस्त्रीवाला टपरीतच गेला. तळमजल्यावरचे रिटायर्ड कंडक्टर दाराच्या कडीला हात लावलेले सापडले. शिवणकाम करणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावरून उतरून आल्या. वर राहिल्या असत्या तर आज कोणाची तरी बाही उसवत बसल्या असत्या.

तू भिंतीवरून उडी टाकून "वर जा, वर जा" ओरडत धावलास, हे सगळ्यांनी सांगितलंय. ते मी नाकारत नाही. पण तुझी बायको दुसऱ्या मजल्यावरून खाली आलीच ना? फोरमनची बायको! तिला तरी ठाऊक असायला नको? सात-आठ वर्षं त्या सिलिंडरांत वावरलास आणि घरात एकदा तोंड उघडून सांगितलं नाहीस? दुसऱ्याचे फोन मोजतोस, तर आधी स्वतःच्या घरातलं बघ.

हे कठोर वाटेल. वाटू दे.

ताई

१९ डिसेंबर

बारक्या,

मला समितीचं बोलावणं आलं. सहा जानेवारी, सकाळी अकरा.

आमच्या साहेबांना अख्खं ऑफिस "सावकाश" म्हणतं. कोणतीही फाइल पुढे केली की "सावकाश घेऊ" म्हणतात म्हणून. या माणसाने आज सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा घाई केली. मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार स्वतः उठून लावलं.

"समिती विचारेल, फोन कशासाठी. तुम्ही सांगायचं, घरगुती. भावाकडे जेवायला जायचे. झालं."

"आणि भाऊ?"

"ट्रक त्याने बाहेर काढला. तुम्ही काढ म्हणालात का?"

"नाही."

"मग? बाई, तुमची नोकरीची चार वर्षं राहिली. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. तुमची उघडली की माझी उघडते, माझी उघडली की वरच्यांची. कोणाकोणाचे हात धरत बसणार आहात?"

मी "बघते" म्हणून बाहेर आले. तेव्हापासून जेवण जात नाही.

बारक्या, मागच्या पत्रात मी लिहिलं की गल्लीतल्या ट्रकचं मला नंतर कळलं. ते खोटं आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ट्रक मला दर वर्षी दिसायचा. पालिकेची जीप तुमच्या फाटकाकडे वळते तिथे गल्लीचं तोंड लागतं. निळी ताडपत्री, मागे लाल फडकं बांधलेलं. त्या वळणावर मी मान खाली घालून पर्समध्ये पेन शोधायचे. सात वर्षं त्याच वळणावर माझं पेन हरवायचं.

पहिलं वर्ष आठवतं? तेव्हा मी फोन केला नव्हता. सरळ आले, चौदा मोजली, चौदा लिहिली. तुझं नुकतंच लग्न झालं होतं, फोरमन होऊन दोन महिने झाले होते. अहवाल साहेबांकडे गेला, "सावकाश घेऊ" झालं. आठवड्याने तुमचा मॅनेजर ऑफिसात आला, माझ्या टेबलासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठता उठता म्हणाला, "भोंगे-बिंगे बसवण्यापेक्षा हे गोदामच दुसरीकडे हलवणं सोपं पडेल आम्हाला. माणसं मात्र इथलीच, ती नेता येणार नाहीत. तुमचे बंधू फार कामसू आहेत हो." माझा अहवाल कपाटात गेला तो गेलाच. कुठे गेला, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी फोन केला. मला कोणी कर म्हटलं नव्हतं. तुलाही मी काही कर म्हटलं नाही. "जेवायला येते" म्हटलं, तू "ये" म्हणालास. दुसऱ्या दिवशी गोदामात आठ होती. अळीमिळी गुपचिळी. न बोलता आपल्याला एकमेकांचं कळतं, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. खरंच वाटला होता, त्याची आज किळस येते.

तू मॅनेजरला सांगत असशील आणि तो म्हणत असेल, काढ ट्रक. सगळं तोंडी. म्हणून तर आज तो छाती पुढे काढून म्हणू शकतो, फोरमनने स्वतःच्या मनाने काढला. आणि माझे सात अहवाल त्याच्या बाजूने साक्ष देतात. त्यांत चौदा सिलिंडर नाहीत, गल्ली नाही, ट्रक नाही. माझं ऐकलं तर मॅनेजर सज्जन आणि माझा भाऊ खुनी, असं ते सरळ गणित आहे.

सहा तारखेला मी खरं सांगणार आहे. हे तुला लिहून टाकलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ताई

१६ जानेवारी

बारक्या,

मागे फिरता येतं.

तू तिथेच होतास, भिंतीकडच्या बाकावर, म्हणून काय झालं ते सांगायची गरज नाही. "सात फोन कशासाठी?" "घरगुती. भावाकडे जेवायला जायचे." कारकुनाने लिहून घेतलं. चार मिनिटांत मी बाहेर.

कारणं द्यायची तर ढीगभर आहेत. राहिलेली चार वर्षं आहेत, गुडघे आहेत, एकटं माणूस आहे. पण त्यातलं एकही खरं नाही. मी खरं बोलायचं ठरवूनच गेले होते. खुर्चीत बसले आणि अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या सचोटीबद्दल पालिकेत फार चांगलं बोललं जातं." मला ते आवडलं. बस्स. जन्मभर नाकाने कांदे सोलले, ते त्या एका मिनिटात सोडवेना. एवढ्याशा गोडव्यावर तुला विकलं.

तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. बाहेर पडल्यावर जिन्यात तू माझ्या पुढे होतास. दर चार पायऱ्यांवर कठडा धरून थांबत होतास. फोनवर ऐकलेला तो खोकला मी तुझा जुना खोकला समजले होते. तुझ्याही छातीत तो वायू गेलाय हे मला कोणी सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं? दोन महिने झाले, पत्रं लिहितेय, आणि "तुझी तब्येत कशी आहे" हे एका पत्रात नाही. आत्ता सगळी आठवून पाहिली. नाही.

काल समितीचा निर्णय जाहीर झाला. फोरमनने कोणाच्याही परवानगीवाचून ज्वालाग्राही नसला तरी विषारी माल सार्वजनिक रस्त्यावर ठेवला. मनुष्यवधाचा गुन्हा तुझ्या एकट्यावर. कारखान्याला समज. नगरपालिकेच्या अहवालांत दोष आढळला नाही.

आणि ऐक, बैल गेला नि झोपा केला. पालिकेने गल्लीत मोठा भोंगा बसवला आणि त्याचं काम माझ्याकडे दिलं. परवा चाचणी घेतली. भोंगा वाजला आणि अख्खी गल्ली काय वाजतंय ते बघायला खाली उतरली. बायका, म्हातारे, सगळे. एक जण तर खुर्ची घेऊन आला. मी कंडक्टरांच्या बंद दारापाशी उभी होते. घसा फोडून "वर जा" ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. सावकाश साहेबांनी हात हलवून सगळ्यांचे आभार मानले. चाचणी यशस्वी, असा अहवाल गेला. सही माझी.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही.

ताई

२७ जानेवारी

बारक्या,

तू माझं एकही पत्र फोडलं नाहीस, हे आज कळलं. तुझी बायको फोडते. ती सगळी वाचते, घडी घालते आणि कपड्यांखाली ठेवते.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, मग काहीच नाही. पुन्हा चार. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मला लगेच कळलं कोण ते. दार उघडून उभी राहिले, पण खाली जाऊन हात द्यायची हिंमत होईना. वीस मिनिटं मी माझ्याच दारात उभी राहून तुझ्या बायकोचा श्वास ऐकत होते.

आत आली, खुर्चीवर बसली. मी पाणी आणलं. तिने हातानेच नको म्हटलं. आवाज पार बदललाय रे तिचा. घासल्यासारखा येतो.

"ताई, मला दम लागतो. एकदाच बोलते. मधे बोलू नका."

मी बसले.

"साक्षीत तुम्ही म्हणालात, भावाकडे जेवायला जायचे. मी सात वेळा स्वयंपाक केला. तुम्ही किती वेळा आलात?"

मधे बोलायचं नव्हतं, ते बरंच झालं.

"एकदाही नाही. दर वेळी दुपारी तुमचा फोन, काम लांबलं, पुढच्या वेळी नक्की. चौथ्या वर्षी हे मला म्हणाले, कशाला रांधतेस, ताई येत नसते, ते तसं बोलायचं असतं. मी म्हटलं, असेल. पण माणूस येते म्हणालंय. एखाद वेळी खरंच आल्या तर? दारातून उपाशी पाठवू?"

ती खुर्चीचा हात धरून दम घेत राहिली. मला वाटलं, संपलं. तसं संपलं असतं तरी मला पुरेसं होतं.

"तुमची पत्रं हे फोडत नाहीत, मी वाचून कपड्यांखाली ठेवते. त्यात तुम्ही यांना बोल लावलात, बायकोला सांगितलं नाहीस म्हणून. सांगितलं होतं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं, काही झालं तर वर जा, माझी वाट बघू नको. मला माहीत होतं, ताई. गच्चीची किल्ली माझ्या कमरेला असायची. पण त्या दिवशी साडेअकरा होऊन गेले होते, तुम्ही यायच्या होतात. खाली ओरडा झाला. मला वाटलं तुम्ही आलात आणि गल्लीत तुम्हालाच काहीतरी झालं. म्हणून मी खाली आले."

बारक्या, हे तिने रागाने नाही सांगितलं. बस चुकली म्हणून उशीर झाला, असं सांगावं तसं सांगितलं. मग उठली. "ह्यांना मी इथे आल्याचं माहीत नाही. दवाखान्यात जाते म्हणून निघाले. तुम्ही ते जेवणाचं तेवढं मागे घ्या. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी तिला जेवून जा म्हणू शकले नाही. घरात अन्न होतं. तोंड नव्हतं.

ती गेल्यावर कितीतरी वेळ मी एकच विचार करत होते. मी का आले नाही? वेळ असायचा. मोजणी दीड तासात संपायची, जीप उभी असायची, भूक लागलेली असायची. तुमच्या घरी यायचं तर गल्लीतून यावं लागलं असतं. त्या ट्रकला खेटून. जीपमधून मान खाली घालता येते, पायी चालताना ट्रक दिसला नाही असं कोण म्हणेल? म्हणून मी ऑफिसात परत जाऊन डबा खायचे. दर वर्षी. आणि तिकडे ती माझं ताट झाकून वाट बघायची.

मी तिला खाली बोलावलं. दुसरं काय म्हणणार याला?

ताई

३ फेब्रुवारी

बारक्या,

आणि तू, जी हे पत्र फोडशील, तू त्याला वाचून दाखव. उठून गेला तर मोठ्याने वाच.

काल पोलीस ठाण्यात गेले. तपास करणारी अधिकारी तिशीची मुलगी आहे, माझ्याकडे बघून आधी तिला वाटलं माझं पाकीट हरवलं. मी म्हटलं, समितीपुढचा माझा जबाब खोटा आहे, नवा द्यायचाय. तिने पेन खाली ठेवलं.

"बाई, वकील आणलाय का?"

"नको. वकील आला की मी पुन्हा घरगुती होईन."

दोन तास लागले. पहिल्या वर्षीची चौदा सिलिंडर, मॅनेजरची ती भेट, निळी ताडपत्री, सात फोन, साहेबांचं बंद दार. चौदाच्या अहवालाची कार्बन प्रत माझ्याच घरी होती, जुन्या पावत्यांच्या पिशवीत. ती तिच्यापुढे ठेवली. तिने उजेडाकडे धरून तारीख दोनदा वाचली.

तुझंही सांगितलं. तुला वाचवायला नवं खोटं रचलं नाही. खोट्याने तुझं काय भलं झालं ते आपण पाहिलंच. माझा फोन आला की तुला कळायचं, दुसऱ्या दिवशी ट्रक गल्लीत असायचा, आणि मॅनेजरच्या शब्दाशिवाय त्या गोदामातून एक सिलिंडर हलत नाही, हे मी आठ वर्षं पाहिलंय, असं सांगितलं. ती म्हणाली, आता मॅनेजरला बोलावते, तुमच्या साहेबांनाही. तुमच्या भावावर एकट्यावर मनुष्यवध टिकणार नाही, निष्काळजीपणाचं कलम मात्र राहील. आणि तुमच्यावर नवं लागेल, अटकही होऊ शकते. मी "बरं" म्हटलं. संध्याकाळच्या आत निलंबनाचा कागद घरी आला. सावकाश साहेबांनी आयुष्यात दुसऱ्यांदा घाई केली.

भीती वाटते का म्हणून विचारशील तर वाटते. टायपिस्टबाईंना सकाळी बाजारात पाहिलं, त्यांनी रस्ता ओलांडला. पेन्शन जाईल. हे सगळं ऑक्टोबरच्या आधी केलं असतं तर इस्त्रीवाला आज टपरीत उभा असता, म्हणून मी काही फार मोठं केलं असं कोणी मला सांगू नये. तूही सांगू नकोस. तसा तू सांगणार नाहीसच.

सही करायच्या आधी त्या मुलीने सगळा जबाब वाचून दाखवला. मग म्हणाली, "एक कळत नाही बाई. भावाला उद्या तपासणी आहे एवढंच कळवायचं होतं, तर तेवढंच कळवायचं. एकदाही जेवला नाहीत म्हणता, मग दर वेळी जेवणाचं कशाला?"

"'तपासणी आहे' म्हटलं असतं तर मी काय करतेय ते मला ऐकू आलं असतं," मी म्हटलं. "'जेवायला येते' म्हटलं की मी नुसती त्याची बहीण असायचे."

तिने ते लिहायला घेतलं, अर्ध्यावर थांबली आणि खोडलं. जबाबात असलं काही घेता येत नाही म्हणाली, फक्त घडलेलं. म्हणून ते तुला लिहिलं.

ताई